शतरंजाच्या पटावरची वीस अंकी संख्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे नाना अंगणात बाज टाकून आम्हा मुलांना गोष्टी सांगत. त्यातली एक शतरंजाची होती. हिंदच्या एका राजाला एका शहाण्याने शतरंजाचा खेळ तयार करून दिला. राजा खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवे ते. शहाण्याने मागितले गहू. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाला राग आला. एवढ्या मोठ्या दरबारात येऊन हा मूठभर गहू मागतो? मग कोठारे उघडली, कोठारे रिकामी झाली, तरी पट काही भरेना. "एकूण दाणे किती झाले, नाना?" असे विचारले की नाना तंबाखू चोळत म्हणत, "अल्ला जाने."

अल्लाह तर जाणतोच. पण माणसांनाही हा आकडा हजार-अकराशे वर्षांपासून माहीत आहे. तो असा: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंक.

ही गोष्ट आठवायला कारण घडले ते एका व्हॉट्सॲप ग्रुपवरचे भांडण. एकाने हा आकडा टाकून लिहिले, पाहा, आमच्या प्राचीन ऋषींचे गणित. लगेच दुसऱ्याने उत्तर दिले, गणित तर जगाला मुसलमानांनी दिले. पुढे दोन दिवस जे चालले त्यात ना गणित होते ना इतिहास. हा आकडा बरोबर आहे का, हे तपासून पाहावे असे दोघांपैकी एकालाही वाटले नाही. मला मात्र या संख्येचा सगळा इतिहासच तपासण्याचा इतिहास वाटतो. म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी थोडे. संस्कृत चतुरंगाचे इराणात चतरंग झाले आणि अरबीत शतरंज. शेवटी तो खेळ परत आपल्याकडे आला तेव्हा त्याच्याबरोबर शब्दही आले. मराठीत आपण शत्रूवर 'मात' करतो, राजकारणात एकमेकांना 'शह' देतो, वर 'काटशह' हा जोडशब्दही आपण घडवला. हे शह आणि मात दोन्ही त्याच पटावरचे. तेव्हा खेळ कुठला, याबद्दल अरबी लेखकांच्या मनात कधी शंका नव्हती. ते स्पष्टपणे लिहितात की हा हिंदचा खेळ आहे.

दाण्यांची कथा मात्र निराळी. आज आपल्या हाती असलेली तिची जुनी लिखित रूपे अरबी ग्रंथांत सापडतात. नवव्या शतकातील इतिहासकार याकूबी ती सांगतो आणि त्याच्या कथेत राजा नसून राणी आहे. दहाव्या शतकातला मसूदी आपल्या 'मुरूजुज्जहब' या ग्रंथात हिंदच्या वर्णनात हा वीस अंकी आकडा देतो आणि हिंदी लोक त्याला गूढ अर्थ जोडतात असेही नमूद करतो. मसूदीचे नाव महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, तो आपल्या कोकणात चौलला येऊन गेला. तो त्या बंदराला सैमूर म्हणतो आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीचे वर्णन करतो. शतरंजाचा आकडा त्याने चौलला ऐकला असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण रेवदंड्याच्या खाडीवर उभा राहिलेला माणूस बगदाद-काहिराच्या वाचकांसाठी हा आकडा लिहून ठेवतो, एवढे निश्चित.

आता अडचण अशी की असा आकडा बोलायचा कसा? अरबीत सगळ्यांत मोठा संख्यावाचक शब्द होता 'अल्फ', म्हणजे हजार. त्यापुढे हजार-हजार, हजार-हजार-हजार अशी माळ ओवावी लागे. आपली संख्या उच्चारायची तर सुरुवातीच्या अठराला सहा वेळा 'हजार' जोडावे लागते. हिंदच्या पंडितांकडे मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव होते. जुन्या लोकांना एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत पाठ असे. ती अठरा स्थाने. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) ती दिलेली आहेत आणि पुढे अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला.

त्याच्याही साडेपाचशे वर्षे आधी अबू रैहान अल्-बिरुनीने 'किताबुल हिंद'मध्ये या अठरा स्थानांची नावे अरबी लिपीत उतरवून घेतली. तो पुढे लिहितो की काही जण परार्धाच्या पलीकडे 'भूरि' नावाचे एकोणिसावे स्थानही मानतात. पण आपली संख्या वीस अंकी आहे. परार्ध ओलांडून, भूरि ओलांडून ती आणखी एक पाऊल पुढे उभी आहे. परार्धात मोजली तर ती १८४ परार्धांहून जास्त भरते. म्हणजे तिला नीट नाव ना अरबीत होते ना संस्कृतच्या नेहमीच्या यादीत. नाव नसताना ती लिहिता येत होती, हे हिंदी अंकांचे आणि शून्याचे सामर्थ्य. अरब या अंकांना आजही 'अर्कामे हिंदिया', हिंदी अंक, असेच म्हणतात.

इथे एक कबुली देतो. उर्दूत अंकाला 'हिंदसा' म्हणतात आणि तो शब्द 'हिंद'वरून आला असे आपल्याकडे व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. मीही सांगितले आहे. पण ते बरोबर नाही. अरबी 'हंदसा' म्हणजे भूमिती, मोजमाप. आणि तो शब्द फारसी 'अंदाजा'वरून आला, ज्याचा मराठीत 'अंदाज' झाला. अरबांनी हिंदचे ऋण इतक्या ठिकाणी स्वच्छ शब्दांत मान्य केले आहे की त्यासाठी चुकीच्या व्युत्पत्तीची गरजही नाही.

दमास्कसमध्ये हिजरी ३४१ (इ. स. ९५२-५३) मध्ये अबुल हसन अल्-उक्लिदिसी याने हिंदी हिशेबावर 'किताबुल फुसूल' हा ग्रंथ लिहिला. अरबीत या विषयावरची जी जुनी पुस्तके आज उपलब्ध आहेत, त्यांत हे फार महत्त्वाचे. त्या काळी हिशेब धुळीच्या पाटीवर करत. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने वा काडीने अंक काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. उक्लिदिसीला ही पद्धत पसंत नव्हती. तो कागद आणि शाई वापरायला शिकवतो. कारण पाटीवरचे मधले आकडे पुसले गेले की चूक कुठे झाली ते सापडत नाही. याच पुस्तकात तो दुपटीचे उदाहरण घेतो आणि सांगतो की हा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात, कुणी तीस वेळा दुप्पट करायला सांगते तर कुणी चौसष्ट वेळा. हजार वर्षांपूर्वीच्या दमास्कसमध्ये हा प्रश्न शतरंजाच्या बैठकीत एकमेकांना घातला जात असणार, आपण कोडी घालतो तसा.

सरळ मार्गाने गेले तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करा आणि मग चौसष्ट संख्यांची बेरीज करा. एक अंक चुकला की पुढचे सगळे चुकले. अल्-बिरुनीने हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. इ. स. १००० च्या सुमारास, वयाच्या सत्ताविशीत, त्याने 'आसारुल बाकिया' हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा विषय निरनिराळ्या लोकांची कालगणना, सण आणि संवत. मध्येच एके ठिकाणी शतरंजाचा पट येतो.

बिरुनी दोन नियम सांगतो. पहिला असा की कुठल्याही घरापर्यंतच्या सगळ्या दाण्यांची बेरीज ही पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा बरोबर एकने कमी असते. एक, दोन आणि चार मिळून सात. पुढच्या घरात आठ. म्हणजे चौसष्ट घरांची बेरीज हवी असेल तर बेरीज करूच नका. पासष्टावे घर आहे असे समजा, त्यातले दाणे काढा आणि एक वजा करा.

दुसरा नियम वर्गाचा. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. सोळाचा वर्ग २५६, आणि तो नवव्या घरात बसतो. २५६ चा वर्ग ६५,५३६, तो सतराव्या घरात. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तो तेहेतिसाव्या घरात. आणि त्याचा वर्ग केला की थेट पासष्टावे घर. दुसऱ्या घरातल्या दोनपासून सुरुवात केली तरी सगळे मिळून सहा गुणाकार. त्रेसष्ट दुपटी आणि एक भलीमोठी बेरीज यांच्या जागी सहा गुणाकार आणि एकाची वजाबाकी! मी शाळेत असताना हे कुणी सांगितले असते तर गणिताशी माझे संबंध कदाचित वेगळे राहिले असते.

उत्तर त्याने हिंदी अंकांत दिलेच, शिवाय ज्योतिर्विदांच्या साठ-साठच्या पद्धतीतही दिले. तिथे अकरा स्थाने होतात, पहिली दोन तीस-तीस आणि शेवटचे पंधरा. याचा एक फायदा असा की हस्तलिखित उतरवताना नकलकाराच्या हातून एका रूपात चूक झाली तर दुसऱ्या रूपावरून ती पकडता येते. वाचकांना घरबसल्या करता येईल अशी दुसरी परीक्षा म्हणजे नऊ टाकण्याची. अरबी हिशेबाच्या पुस्तकांत तिला 'मीजान', तराजू, म्हणत. संख्येतले वीस अंक मिळवा: ८७. आठ आणि सात पंधरा, एक आणि पाच सहा. बाकी सहा. आता दुसऱ्या बाजूने या. पटावरच्या दाण्यांना नऊने भागत गेले तर बाक्या १, २, ४, ८, ७, ५ अशा येतात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. सहा-सहाच्या फेऱ्यांनी पासष्टाव्या घराची बाकी ७ येते. त्यातून एक गेला, राहिले सहा. तराजू जुळला. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा तराजू ती चूक दाखवत नाही, हेही सांगायला हवे. म्हणूनच दुसऱ्या रूपाला किंमत आहे.

मग बिरुनी वाचकाला या संख्येचा आवाका दाखवतो. दाण्यांऐवजी दिरहम धरा. दिरहमांच्या थैल्या भरा, दहा-दहा हजारांच्या. आठ थैल्यांचे ओझे एका खेचरावर लादा. खेचरांचे कळप करा, कळप चरायला नदीखोऱ्यांत सोडा, खोऱ्या डोंगरांना वाटून द्या. शेवटी हिशेब येतो २,३०५ डोंगर! इतके डोंगर पृथ्वीवर कुठून आणायचे, असा त्याचा रोख आहे.

या सहा गुणाकारांच्या वाटेवर आणखी काही दडलेले होते. ते बिरुनीला माहीत होते असा दावा मी करत नाही. वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन तुकडे पडतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. २५६ हा १६ चा वर्ग, म्हणून २५५ म्हणजे १५ गुणिले १७. तसेच १५ म्हणजे ३ गुणिले ५. याच रीतीने आपली वीस अंकी संख्या सोलत गेलो तर बिरुनीच्या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यात एक मिळवून जे आकडे होतात, त्यांचाच ती गुणाकार आहे असे दिसते: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा या आकड्यांच्या मागे लागला. पहिले पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भागले जात नाहीत. या पद्धतीने बनणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे १६४० च्या सुमारास फर्माचे मत झाले. ते जवळजवळ शंभर वर्षे तसेच राहिले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की सहाव्या आकड्याला ६४१ ने पूर्ण भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७. कागदावर करून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. म्हणजे शतरंजाची संख्या सात मूळ संख्यांचा गुणाकार ठरली: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. फर्मासारखा माणूस इथे चुकला, तो पडताळणी न करता बोलल्यामुळे.

अर्ध्या पटाचीही एक गंमत आहे. पहिल्या बत्तीस घरांतले दाणे ४,२९,४९,६७,२९५. हा पहिल्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी कोणते नियमित बहुभुज काढता येतात, हा जुना प्रश्न. सप्तभुजावर अल्-कूही आणि इब्ने हैसम यांनी कष्ट घेतले, नवभुजावर खुद्द बिरुनीने. या दोन्ही आकृत्या केवळ पट्टी-कंपासने निघत नाहीत हे पुढे सिद्ध झाले. गाउसने १७९६ मध्ये सतरा भुजांची आकृती निघते हे दाखवले आणि कोणत्या निघतात याचा नियमही शोधला. त्या नियमाप्रमाणे विषम भुजांच्या ज्या आकृत्या काढता येतात असे आज आपल्याला माहीत आहे, त्यातली सर्वांत जास्त भुजांची आकृती नेमकी अर्ध्या पटाच्या दाण्यांइतक्या भुजांची आहे. आणि पूर्ण पटाची संख्या आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ६४ बिटांच्या संगणकाला वा मोबाईलला एका खणात जास्तीत जास्त जी पूर्ण संख्या ठेवता येते, ती हीच.

युरोपात ही संख्या गेली त्या वाटेवर उत्तर आफ्रिका आहे. पिसाचा लिओनार्दो, ज्याला आज फिबोनाची म्हणतात, त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बिजाया बंदरात जकातीच्या कामावर होते. हिंदी अंक तो तिथे शिकला. १२०२ मध्ये त्याने लॅटिनमध्ये हिशेबाचे जे पुस्तक लिहिले त्यात शतरंजाचा पट आहे आणि वर्गांची रीतही आहे. त्याने बिरुनीच्या डोंगरांऐवजी नगरे घेतली. ६५,५३६ नगरे, प्रत्येकात ६५,५३६ वाडे, प्रत्येक वाड्यात ६५,५३६ पेट्या, प्रत्येक पेटीत ६५,५३६ सोन्याची नाणी. चार वेळा तीच संख्या, आणि ती सतराव्या घरातली.

नाण्यांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. अरबीत पटावरच्या या दुपटीला 'तज्ईफ' म्हणतात. सूरह आले-इमरानमध्ये व्याजाला मनाई करताना जो 'अद्आफ' शब्द येतो, तो याच धातूचा. कर्ज थकले की मुद्दल वाढवायचे, पुन्हा थकले की पुन्हा वाढवायचे, ही जाहिलियतच्या काळातली रीत म्हणजे माणसाला पटावर एकेक घर पुढे ढकलणे. आपल्या मुलखातही हे ओळखले होते. 'दामदुपट'चा नियम सांगतो की व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. पटाच्या भाषेत, दुसऱ्या घरात थांबायचे. मुंबई इलाख्यात न्यायालयांनी हा नियम हिंदू ऋणकोपुरताच मानला, त्यामुळे मुसलमान कुळाला त्याचा आधार नव्हता. आणि ज्यांना होता त्यांच्याकडून सावकार नवा कर्जरोखा लिहून घेत. मागचे व्याज नव्या रोख्यात मुद्दल बनून बसे आणि पट पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होई. १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे-अहमदनगर भागात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी हे रोखे शोधून शोधून जाळले. नानांच्या गोष्टीत राजा फसतो म्हणून आपण हसतो. पण खऱ्या जगात दुपटीचा हिशेब न कळल्यामुळे जे फसले ते राजे नव्हते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येतो. शम्सुद्दीन इब्ने खल्लिकान. जन्म १२११ मध्ये इर्बिलचा, मृत्यू १२८२ मध्ये दमास्कसला, आणि बैबर्सच्या काळात तो दमास्कसचा मुख्य काजी होता. 'वफयातुल आयान' हा त्याचा चरित्रकोश आजही अभ्यासकांना लागतो. त्यात अस्-सूली या दहाव्या शतकातल्या नामांकित शतरंजपटूचे चरित्र आहे. लोक समजतात की शतरंज सूलीने शोधला, ते चूक आहे, असे सांगून इब्ने खल्लिकान खेळाचे श्रेय सिस्सा बिन दाहिर या हिंदी शहाण्याला देतो. (या दाहिरचा सिंधच्या राजा दाहिरशी संबंध जोडण्याचा मोह आवरावा.) मग दाण्यांची गोष्ट येते. त्याच्या कथेतला राजा शहाण्याचे डोके उडवत नाही. हिशेबनीस येऊन सांगतात की जगात इतके धान्यच नाही, तेव्हा तो चकित होतो आणि खेळापेक्षा तुझी मागणीच जास्त कल्पक आहे असे म्हणतो. शहाण्याचा शिरच्छेद नंतरच्या कुणीतरी घुसडलेला दिसतो.

पुढे इब्ने खल्लिकान स्वतःबद्दल लिहितो. ही गोष्ट त्याने ऐकली होती, पण तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. दुप्पट दुप्पट करून एवढे कसे होईल? हा सामान्य माणूस नव्हे. आयुष्यभर साक्षी तपासलेला काजी आहे, आणि मला शंका होती हे लिहायला त्याला संकोच वाटत नाही. शेवटी इस्कंदरियाचा एक हिशेबनीस त्याला भेटला. त्या माणसाने कागदावर दुपटी मांडून दाखवल्या. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे. हिशेबनीस म्हणाला, हे दाणे एक कदह धरू, मी मापून पाहिले आहे. कदह म्हणजे मिसरचे धान्याचे माप, आपल्याकडे शेर किंवा मापटे असते तसे. विसाव्या घरात सोळा कदह, म्हणजे एक वैबा. सहा वैब्यांचा एक इर्दब. चाळिसाव्या घरात १,७४,७६२ इर्दब आणि वर काही, याला एक कोठार म्हणू. पन्नासाव्या घरात अशी १,०२४ कोठारे, याला एक शहर म्हणू. चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरे. एवढी शहरे जगात आहेत कुठे? इब्ने खल्लिकानची खात्री पटली, आणि तसे त्याने लिहून ठेवले. मी हे आकडे उलटे गुणून पाहिले. इर्दबाचा अपूर्णांक धरला तर दाण्यापर्यंत बरोबर येतात. ही शहरे फक्त शेवटच्या घराची. मागची त्रेसष्ट घरे मिळून जवळपास तितकीच आणखी.

हिशेबनिसाचे नाव मात्र त्याने दिलेले नाही.

हे वाचल्यावर मलाही राहवले नाही. रविवारी दुपारी भाचीला सोबत घेतले, ताटात गहू ओतले आणि दोघांनी मिळून हजार दाणे मोजले. मध्ये दोनदा चुकलो, पुन्हा मोजले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते चाळीस ग्रॅमच्या आसपास भरले. त्या हिशेबाने सोळाव्या घराचे गहू साधारण एक किलो तीनशे ग्रॅम. आणि पूर्ण पटाचे? सुमारे ७३,८०० कोटी टन. आज सगळ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक. भाचीने वहीत पुन्हा भागाकार करून पाहिला, म्हणाली, "मामू, नऊशे बावीस." मग दाणे परत डब्यात टाकले, कारण संध्याकाळी ते दळायला द्यायचे होते.